टोकियो स्टेशन हॉटेलात राहायचंय? खोली निवडण्यापासून चेक-आउटपर्यंत सगळं

जपानची ट्रिप ठरवताना बहुतेक जण हॉटेलवर पैसे वाचवतात आणि ते बरोबरच आहे, कारण दिवसभर बाहेरच फिरायचं असतं. पण एखादी रात्र तरी चांगल्या, जुन्या, इतिहास असलेल्या हॉटेलात काढायची असं मनात असेल आणि त्यासाठी पैसे बाजूला ठेवले असतील, तर माझं स्पष्ट मत आहे की टोकियोत ती रात्र टोकियो स्टेशन हॉटेलात काढा. कारण साधं आहे. टोकियोत जुन्या नावाची हॉटेलं आहेत, पण नाव जुनं आणि इमारत नवी असा प्रकार जास्त. इम्पीरियल हॉटेल १८९० पासूनचं, अमेरिकन आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटने बांधलेली त्याची जगप्रसिद्ध इमारत १९६८ च्या सुमारास पाडली आणि तिची लॉबी आता बघायची तर नागोयाजवळ इनुयामाला मेइजी-मुरा नावाच्या खुल्या संग्रहालयात जावं लागतं. टोकियो स्टेशन हॉटेलचं तसं नाही, तुम्ही झोपता तीच मुळी राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर झालेली इमारत आहे.

आता एक गोष्ट आधीच सांगते, इथे फक्त झोपायला जाऊ नका. सकाळी सातला बाहेर पडून रात्री अकराला परत येणार असाल तर हे हॉटेल घेऊच नका, पैसे वाया जातील. एक संपूर्ण दुपार आणि एक संपूर्ण सकाळ हॉटेलला आणि स्टेशनला द्यायची तयारी असेल तरच घ्या. पुढचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय.

आधी इमारत समजून घ्या, मग खोली निवडणं सोपं जातं

स्टेशन सुरू झालं डिसेंबर १९१४ मध्ये, हॉटेल त्यातच पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९१५ मध्ये. आर्किटेक्ट तात्सुनो किंगो. लाल विटा, पांढरे पट्टे, दोन टोकांना दोन घुमट, आणि लांबी तब्बल ३३५ मीटर. मुंबईकरांनी बोरीबंदर डोळ्यासमोर आणावं, आणि तिथल्याच वरच्या मजल्यांवर राहायला खोल्या आहेत अशी कल्पना करावी, म्हणजे साधारण अंदाज येईल.

१९२३ च्या महाभूकंपात अर्धं टोकियो गेलं पण ही इमारत उभी राहिली. मात्र २५ मे १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात घुमट आणि तिसरा मजला जळाला. युद्धानंतर हातात पैसा नाही, सामान नाही, त्यामुळे १९४७ मध्ये दोनच मजल्यांची डागडुजी झाली आणि गोल घुमटांच्या जागी साधी कोनाकृती छपरं आली. ती तात्पुरती सोय साठ वर्षं टिकली! मधे १९८० च्या दशकात हे सगळं पाडून टॉवर बांधायचे बेत चालले होते, तेव्हा सामान्य लोकांनी चळवळ करून ते थांबवलं. २००३ मध्ये राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला, २००६ ला हॉटेल बंद झालं आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये मूळ तीन मजले आणि मूळ घुमट परत उभे करून पुन्हा उघडलं.

यासाठी पैसा कुठून आला हे आपल्याकडच्या लोकांना लगेच कळेल, कारण आपल्याला टीडीआर (न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसऱ्याला विकणं) म्हणजे काय ते माहितीये. स्टेशनवर जी उंची बांधता आली असती पण बांधली नाही, तो हक्क आजूबाजूच्या टॉवरवाल्यांना विकला, आणि सुमारे ५० अब्ज येनचं काम त्यातून निघालं. म्हणजे खिडकीतून समोर जे उंच टॉवर दिसतात ना, त्यातल्या काहींच्या वरच्या मजल्यांमुळे तुम्ही बसलेली खोली वाचलीये. मला ही गोष्ट फार आवडते, वारसा वाचवायचा तर नुसतं प्रेम पुरत नाही, हिशोबही जुळवावा लागतो.

आणखी एक. छपरावरच्या दगडी पाट्यांचं काम मियागी प्रांतातल्या इशिनोमाकी भागात चाललं होतं आणि मार्च २०११ च्या त्सुनामीत तिथला साठा वाहून गेला. लोकांनी चिखलातून पाट्या वेचून, धुऊन पाठवल्या आणि त्यातल्या हजारो पाट्या आज छपरावर आहेत. खाली मात्र सगळं बदललंय. पूर्वी इमारत साधारण ११ हजार पाइन लाकडाच्या खांबांवर उभी होती, आता ती साडेतीनशेच्या आसपास रबरी बेअरिंगवर आहे, भूकंपाचा धक्का थेट वर येऊ नये म्हणून. भूकंपाची भीती वाटणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी झोप लागेल.

कधी जायचं, किती रात्री

एक रात्र पुरते, दोन असतील तर उत्तम, तीन नकोत. आणि ती रात्र ट्रिपच्या शेवटी ठेवा. पहिल्या दिवशी विमानप्रवासाने अंग आंबलेलं असतं, जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे त्यामुळे सकाळी उठवत नाही, आणि या हॉटेलची सकाळ हीच खरी कमाईची वेळ. शेवटी ठेवलं की क्योतो-ओसाकाहून शिंकान्सेनने (बुलेट ट्रेनने) याच स्टेशनात उतरायचं, राहायचं आणि दुसऱ्या दिवशी खालूनच विमानतळाची नारिता एक्सप्रेस पकडायची.

मार्च अखेर ते एप्रिलची सुरुवात, म्हणजे साकुराचे (चेरीच्या फुलांचे) दिवस, सगळ्यात महाग. एप्रिल अखेर ते मे पहिला आठवडा जपानी लोकांची मोठी सुट्टी असते, ऑगस्टच्या मध्यात ओबोन हा पितरांचा सण, शिवाय नवीन वर्ष, हे दिवस टाळलेलेच बरे. माझी पसंती नोव्हेंबरचा शेवट ते डिसेंबरची सुरुवात. स्टेशनसमोरच्या ग्योको-दोरी रस्त्यावरची गिंको झाडं तेव्हा पिवळीधमक होतात आणि लाल विटांपुढे ती इतकी सुरेख दिसतात की काय सांगू. शुक्रवार-शनिवारपेक्षा रविवार ते गुरुवार दर बऱ्यापैकी खाली असतात हेही बघा.

खोली निवडताना घाई करू नका

हॉटेलात १५० खोल्या आहेत आणि सगळ्या एकसारख्या नाहीत, हाच मुद्दा लोकांच्या लक्षात येत नाही. स्वस्तात स्वस्त खोली बुक करतात, मग तिथून काही दिसत नाही आणि म्हणतात की एवढं काय त्यात.

क्लासिक या प्रकारात खोली छान असते, उंच छत, पांढऱ्या भिंती, युरोपियन थाट, पण खिडकीतून काय दिसेल याचा भरवसा नाही. बजेट घट्ट असेल तर चालेल, कारण हॉटेलातल्या बाकीच्या गोष्टी सगळ्यांना सारख्याच मिळतात.

डोम साइड म्हणजे घुमटाला लागून असलेल्या खोल्या. खिडकी उघडते (म्हणजे पडदा उघडतो) ती आकाशाकडे नाही तर घुमटाच्या आत, समोर नक्षी आणि खाली तिकीट गेटमधून वाहणारी माणसं. पहाटेची रिकामी फरशी, मग हळूहळू वाढणारी वर्दळ, आठ-साडेआठला ऑफिसवाल्यांचा लोंढा, हे सगळं वरून, शांतपणे, चहाचा कप हातात घेऊन बघायचं. असं दुसरीकडे कुठे मिळणार? ज्याला रेल्वेचं वेड आहे त्याने दुसरा विचारही करू नये. तोटा एवढाच की नैसर्गिक उजेड कमी, आणि पडदा उघडा ठेवला तर समोरच्या खोलीतून तुम्ही दिसू शकता.

पॅलेस साइड म्हणजे सम्राटांच्या राजवाड्याच्या दिशेच्या खोल्या. नावावरून फसू नका, राजवाडा दिसत नाही, तो झाडीत आणि खंदकापलीकडे आहे. दिसतं ते समोरचं मोठं चौक, सरळ जाणारा ग्योको-दोरी आणि टोकाला हिरवळ. आईवडिलांना घेऊन जाणार असाल, खोलीत जास्त वेळ बसणार असाल तर हीच घ्या, उजेड भरपूर.

मेझोनेट प्रकारात खोलीच्या आतच जिना असतो, बेड एका मजल्यावर आणि बसायची जागा दुसऱ्यावर. दिसायला झकास, पण गुडघेदुखीवाल्यांनी आणि लहान मूल असणाऱ्यांनी लांबच राहावं.

बुकिंग शक्यतो हॉटेलच्या स्वतःच्या वेबसाइटवर करा, तिथे खोलीची बाजू नीट लिहिलेली असते, एजंट साइटवर कधी कधी नुसतं 'डबल रूम' असं असतं. माणसांची संख्या खरी टाका, जपानात दर खोलीवर नाही तर माणसांवर बदलतो, दोघांची खोली घेऊन तिसरा घुसवायचा हा प्रकार तिथे चालत नाही. मुलाला तुमच्याच बेडवर झोपवायचं असेल तर वय लिहून आधी विचारा. दर बघताना कर आणि सर्व्हिस चार्ज धरून आहे का ते तपासा, टोकियोचा मुक्काम-कर वेगळा लागतो. टिप मात्र कुणालाही द्यायची नाही, अजिबात नाही, समोरच्याची पंचाईत होते.

बुकिंग झाल्यावर एक छोटा ईमेल टाका: खोली रिसेप्शनपासून जवळ हवी की लांब चालेल (रिसेप्शन दक्षिण टोकाला आहे, खोली उत्तर टोकाला आली तर कॉरिडॉरमधून बरीच पायपीट होते, मला ती आवडते पण सत्तरीच्या माणसाला नाही आवडणार), शाकाहारी आहात का, लग्नाचा वाढदिवस वगैरे काही आहे का.

निघण्याआधी

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. भारतात राहणाऱ्यांना एप्रिल २०२४ पासून पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो, अर्ज व्हीएफएस या व्हिसा-अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रातूनच करायचा. यात एक मेख आहे, विमानतळावर ई-व्हिसा मोबाइलवर ऑनलाइन उघडून दाखवावा लागतो, स्क्रीनशॉट किंवा प्रिंट चालत नाही, त्यामुळे फोनमध्ये इंटरनेट चालू असलंच पाहिजे. व्हिजिट जपान वेब या सरकारी साइटवर माहिती आधी भरून ठेवली की रांगेतला वेळ वाचतो. आणि पासपोर्ट हाताशी ठेवा, परदेशी पाहुण्याच्या पासपोर्टची कॉपी घेणं तिथल्या हॉटेलांना बंधनकारक आहे.

बॅगेत चिवडा, चकली, लाडू, रेडी पोह्याची पाकिटं चालतात. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, हापूस यातलं काही नेऊ नका, रोपं आणि फळांवर कडक नियम आहेत, मांसाच्या पदार्थांवरही तसेच. सर्दीच्या गोळ्यांकडे विशेष लक्ष द्या. १० टक्क्यांपेक्षा जास्त स्यूडोएफेड्रिन असलेली औषधं जपानात पूर्ण बंद आहेत, आपल्याकडच्या काही साध्या गोळ्यांमध्ये ते असतं, म्हणून घरातल्या औषधांच्या डब्यातून मूठभर गोळ्या तशाच उचलून टाकू नका, प्रत्येक पाकीट वाचा. प्लग दोन चपट्या पिनांचा आणि वीज १०० व्होल्ट, ॲडॅप्टर न्याच.

पोचायचं कसं

नारिताहून नारिता एक्सप्रेस साधारण तासाभरात टोकियो स्टेशनला आणते. ती जमिनीच्या खूप खाली उतरवते, तिथून सरकत्या जिन्यांनी वर येत राहायचं आणि एकच शब्द शोधायचा: मारुनोउची. मारुनोउची साउथ एक्झिटमधून बाहेर पडलात की हॉटेलचं दार शेजारीच आहे. हानेदाहून मोनोरेलने हामामात्सुचो आणि तिथून यामानोते लाइन, किंवा केइक्यू लाइनने शिनागावा आणि तिथून जेआर (जपानची मुख्य रेल्वे), दोन्ही चालतात.

स्टेशनला दोन बाजू आहेत, मारुनोउची ही जुनी लाल विटांची आणि यायेसू ही नव्या टॉवरची. शिंकान्सेनवाले बरेचदा यायेसूला बाहेर पडतात आणि मग मधे गेट असल्यामुळे अडकतात. अशा वेळी उत्तरेकडचा फ्री पॅसेज शोधा, तो तिकिटाशिवाय एका बाजूहून दुसऱ्या बाजूला नेतो. मारुनोउची नॉर्थ एक्झिटला जेआर ईस्टचं प्रवासी सेवा केंद्र आहे, वेलकम सुइका कार्ड (पर्यटकांसाठीचं प्रीपेड प्रवास कार्ड), पास वगैरे कामं तिथे होतात, स्टाफला इंग्रजी येतं.

पहिली दुपार

चेक-इन दुपारी तीनला आणि चेक-आउट बाराला. दोनलाच पोचा, सामान रिसेप्शनला द्या आणि लगेच दक्षिण घुमटाखाली उभं राहून वर बघा. आठ कोन, पिवळसर छत, पंख पसरलेले गरुड आणि आठ कोनांत आठ प्राणी. पूर्वेकडच्या राशिचक्रात बारा प्राणी असतात, इथे आठच, उंदीर, ससा, घोडा आणि कोंबडा नाहीत. हे चार म्हणजे नेमके उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम या मुख्य दिशांचे प्राणी, आणि घुमटाचे कोन बरोबर त्यांच्या मधे येतात. गंमत पुढे आहे. याच तात्सुनोने क्युशू बेटावर सागा प्रांतात ताकेओ ओन्सेन या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या ठिकाणाचं लाकडी प्रवेशद्वार बांधलं, आणि २०१३ मध्ये त्याच्या छतावर हेच उरलेले चार प्राणी कोरलेले सापडले. शंभर वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

तिथेच खाली, मारुनोउची साउथच्या तिकीट मशिनांजवळ फरशीत एक लहानशी खूण आहे. ४ नोव्हेंबर १९२१ ला पंतप्रधान हारा ताकाशी यांची हत्या झाली ती ही जागा. रोज हजारो लोक त्यावरून चालत जातात. १९३० मध्ये पंतप्रधान हामागुची यांच्यावर याच स्टेशनात गोळी झाडली गेली, ती खूण गेटच्या आत आहे.

तीनला खोली मिळाली की रिसेप्शनवर हॉटेलच्या आतल्या फेरीचं माहितीपत्रक मागा. लांबच लांब कॉरिडॉरमध्ये जुने फोटो, नकाशे, रेल्वेची कागदपत्रं लावलेली आहेत, ती घाईघाईत बघायची नाहीत. आणि घुमटाच्या वरच्या भागात आर्काइव्ह बाल्कनी म्हणून लहान कोपरे आहेत, फक्त हॉटेलच्या पाहुण्यांसाठी, तिथून नक्षी अगदी जवळून आणि खालचं स्टेशन उंचावरून दिसतं. डोम साइड खोली परवडली नाही तरी हे सुख मिळतंच, म्हणून क्लासिकवाल्यांनी हे चुकवूच नये.

संध्याकाळी अंधार पडायच्या अर्धा तास आधी शेजारच्या किट्टे इमारतीच्या सहाव्या मजल्यावरच्या गच्चीवर जा. ही जुन्या सेंट्रल पोस्ट ऑफिसची इमारत, गच्ची फुकट, तिथून अख्खं स्टेशन, मागे शिंकान्सेनच्या गाड्या, आणि दिवे लागताना विटांचा बदलत जाणारा रंग. समोरून फोटो हवा असेल तर शिन-मारुनोउची बिल्डिंगच्या सातव्या मजल्याची टेरेस.

जेवण

शाकाहारी लोकांना जपानात त्रास होतो हे खरंय, कारण भाजीतही माशाचा दाशी (उकळून काढलेला अर्क) असतो, 'नो मीट' म्हटलं तरी दाशी येतोच. हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये आधी कळवलंत तर बघतात, आयत्या वेळी अवघड जातं. पण तुमच्या पायाखालीच, स्टेशनच्या गेटच्या आत, केइयो लाइनकडे जाणाऱ्या दुकानांच्या रांगेत टीज तानतान नावाचं पूर्ण व्हीगन रामेनचं (रश्श्यातल्या नूडल्सचं) दुकान आहे, तिळाच्या दाट रश्श्यातलं गरम रामेन, पोट भरतं आणि मनही. गेटच्या आत असल्यामुळे प्रवासाचं तिकीट नसेल तर प्लॅटफॉर्म तिकीट काढायचं, त्याची मुदत दोन तास, म्हणून रांग मोठी असेल तर घड्याळ बघा.

वरण-भाताची आठवण आली तर ओतेमाचीपर्यंत चालत जा (तळघरातूनच रस्ता आहे), तोझाई लाइन पकडा आणि निशी-कासाईला उतरा. भारतीयांची मोठी वस्ती, त्यात मराठी घरंही बरीच, किराणा आणि भारतीय जेवण दोन्ही मिळतं. खोलीतल्या किटलीवर पोहे-उपमा भिजवायला हरकत नाही, पण फोडणीच्या वासाचं काही करू नका, हे मनापासून सांगते.

नाश्ता मात्र बुकिंगमध्येच घ्या, वाचवू नका. तो ॲट्रियम नावाच्या हॉलमध्ये असतो, इमारतीच्या मधल्या भागात थेट छपराखाली, पूर्वी जिथे नुसता पोटमाळा होता. वर काचेतून उजेड येतो, जुन्या विटांची भिंत दिसते, आणि हा हॉल सकाळी फक्त पाहुण्यांसाठी असतो. पदार्थ शंभराच्या वर, ब्रेड, फळं, दही, सॅलड, भात, त्यामुळे शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. साडेसातनंतर गर्दी होते, लवकर जा किंवा सरळ नऊनंतर.

दुसरी सकाळ

सहाला उठून ग्योको-दोरीने सरळ वादाकुरा कारंज्यांच्या बागेपर्यंत चालत जा, दहा मिनिटं लागतात. राजवाड्याभोवती साधारण ५ किलोमीटरची फेरी आहे, धावणारे पुष्कळ असतात, एकाच दिशेने, तुम्हीही त्याच दिशेने चाला. राजवाड्याची ईस्ट गार्डन्स नऊला उघडतात, फुकट आहेत, सोमवारी आणि शुक्रवारी बंद.

नशीब असेल तर घोडागाडीही दिसेल. एखाद्या देशाचा नवा राजदूत सम्राटांना भेटायला जातो तेव्हा त्याला या स्टेशनापासून राजवाड्यापर्यंत घोडागाडीने नेतात, तारखा राजघराण्याच्या कार्यालयाच्या वेबसाइटवर आधी येतात. बुकिंगच्या आधी एकदा बघा, पॅलेस साइडच्या खोलीतून हे बघायला मिळणं म्हणजे पर्वणी. इमारतीच्या बरोबर मधलं जे बंद दार आहे ते राजघराण्यासाठी राखीव, तिथून आपल्याला जाता येत नाही.

उत्तर घुमटात टोकियो स्टेशन गॅलरी आहे, त्याच्या जिन्यात १९१४ च्या मूळ विटा उघड्या ठेवल्यात, काही ठिकाणी आगीत काळे पडलेले लाकडाचे तुकडे अजून भिंतीत आहेत. प्रदर्शन कुठलंही असो, जिना बघायला जा. सोमवारी बहुधा बंद असतं.

बाराला खोली सोडा, अकराला नको, मिळालेला प्रत्येक तास वापरा. संध्याकाळची फ्लाइट असेल तर सामान रिसेप्शनलाच ठेवता येतं. आणि इथून पुढे क्योतोला जाणार असाल तर मोठ्या बॅगा ताक्क्युबिन कुरिअरने पुढच्या हॉटेलला पाठवून द्या, रिसेप्शन फॉर्म भरून देतं, साधारण दुसऱ्या दिवशी पोचतात, एका रात्रीचे कपडे तेवढे हातात ठेवायचे. बरोबरच न्यायच्या असतील तर टेप घेऊन मोजा, लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर तोकाइदो शिंकान्सेनमध्ये सामानाच्या जागेसकट सीट आधी रिझर्व्ह करावी लागते, त्याला वेगळे पैसे नाहीत, पण न करता चढलात तर भरावे लागतात.